लिफ्टमनकडे ठेवलेला लिफाफा

“माणसाला शेवटी माणूसच सावरतो, आणि जो सावरतो, तो त्याआधी कधीतरी स्वतः कोसळलेला असतो!”

हे वाक्य मी मागच्या मंगळवारी, वाचनालयात जमणाऱ्या आमच्या मंडळीच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, एक हात कोटाच्या खिशात घालून उभ्याने म्हणालो. वाक्य वजनदार होतं. दोन दिवस आरशासमोर उभं राहून मी ते घासूनपुसून घेतलं होतं. म्हणून झाल्यावर टाळ्यांसाठी मी थोडी जागा सोडली, आणि त्या जागेत माझ्यामागची तीन पायांची खुर्ची आपण होऊन आडवी झाली. श्रोते अकरा होते. त्यातले दोघे खुर्ची उचलायला उठले आणि परत बसताना बिस्किटांच्या बाजूला जाऊन बसले.

वाक्य खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. मला सावरलं ते एका अशा माणसाने, ज्याला उभ्या आयुष्यात एकही विनोद कळला नाही. आणि माझं पोट तर विनोदावर चालत होतं.

त्या काळी मी एका दैनिकात दर शनिवारी विनोदी सदर लिहायचो. दैनिकाची कचेरी एका अकरा मजली इमारतीत, सहाव्या मजल्यावर. लेख शुक्रवारी चार वाजता द्यायचा असा करार होता. त्यामुळे पावणेपाचला मी धापा टाकत लिफ्टमध्ये शिरायचो आणि शेवटचा परिच्छेद तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याच्या दरम्यान, भिंतीला कागद टेकवून लिहायचो. लिफ्ट जुनी होती. सरकतं जाळीचं दार, गुळगुळीत झालेली पितळी मूठ, लाकडी स्टूल, आणि स्टुलावर निळ्या गणवेशातला लिफ्टमन. कानामागे पेन्सिल. माणसं तो मजल्यांवरून ओळखायचा. विम्याचे साहेब म्हणजे ‘दुसरा’, दातांचे डॉक्टर ‘नववा’, आणि मी ‘सहावा’.

माझं सदर तो न चुकता वाचायचा. बातमी वाचावी तसं वाचायचा. एकदा मी लिहिलं, की एका कचेरीत हरवलेली फाइल शोधण्यासाठी नवी फाइल उघडली आणि तीही हरवली. सोमवारी लिफ्टमध्ये शिरलो तर याने विचारलं,

“सापडली का हो?”

“काय?”

“फाइल. शनिवारची.”

“अहो, तो विनोद होता.”

“असं होय,” तो म्हणाला. एक मजला विचार केला. “म्हणजे नाहीच सापडली.”

पुढे मी आजारी पडलो. पाय मोडला असता तर चार माणसं भेटायला आली असती. माझं जे मोडलं होतं ते दाखवता येत नव्हतं. सकाळी पायात घालायला मोजा हातात घ्यायचो, आणि दुपारी बायको आत यायची तेव्हा तोच मोजा त्याच हातात असायचा. सहा आठवडे इस्पितळात काढले. गोळ्यांनी मला मोज्यापासून बुटापर्यंत आणि बुटापासून दारापर्यंत आणून सोडलं. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, “गोळ्या चालू ठेवा. शिवाय दर मंगळवारी पाच वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत जात जा. तिथे तुमच्यासारखी माणसं जमतात.”

“माझ्यासारखी असतील तर त्यांना कशाला भेटायचं?” मी म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांना दिवसाकाठी असे चार विनोदी लेखक भेटत असावेत.

वाचनालयाची मागची खोली म्हणजे मोडक्या खुर्च्यांचा आश्रम. चार पाय शाबूत असलेल्या खुर्च्या सातच होत्या, त्यामुळे जगात कुठेही वेळेवर न पोचणारी आमची मंडळी तिथे साडेचारलाच हजर असायची. खिडकीखाली एक मोरी, तिच्याशेजारी चहाची किटली आणि कान तुटलेले कप. मंडळीची सूत्रं होती भूगोलाच्या बाईंकडे. बाई एका शाळेत भूगोल शिकवायच्या. एके दिवशी भर वर्गात त्या नकाशासमोर छडी घेऊन उभ्या राहिल्या, आणि आपण कुठे आहोत तेच त्यांना दाखवता येईना. तास संपल्याची घंटा झाली, पुढचा तास झाला, तरी बाई उभ्याच. हे त्या इतकं हसत सांगायच्या, की ऐकणाऱ्याला आपलं दुखणं लपवायची लाज वाटावी.

मंडळीचा नियम एकच होता. जो सल्ला देईल, त्याने कप धुवायचे.

“स्वतःचं काय झालं ते सांगा, हवं तेवढं सांगा,” बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “पण ‘तुम्ही असं करा’ म्हणालात, की मोरी तिकडे आहे.”

“उत्तम,” मी म्हटलं. “पण बाई, हा नियम फळ्यावर लिहून ठेवत चला, म्हणजे—”

“कप,” बाई म्हणाल्या.

पहिले तीन महिने कप मीच धुतले.

त्याच पहिल्या दिवशी कोपऱ्यातल्या चांगल्या खुर्चीवर, निळ्या गणवेशात, लिफ्टमन बसलेला दिसला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चोराला चोर भेटला तर निदान हसतो तरी.

“सहावा?” तो म्हणाला.

“तुम्ही इथे?”

“तीन वर्षं झाली.”

त्याची गोष्ट त्याने चार वाक्यांत सांगितली. एका दुपारी रिकामी लिफ्ट घेऊन तो वर निघाला. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये त्याने मूठ सोडली आणि स्टुलावर बसून राहिला. चार तास. वरून खालून माणसं घंटा वाजवत होती, शिव्या घालत होती. “ऐकू येत होतं सगळं,” तो म्हणाला, “पण त्यांना कुठेतरी जायचंय आणि ते मी करायचंय, हे जुळेचना.” माझा मोजा हातात घेऊन बसलेला मी त्या क्षणी त्या लिफ्टमध्ये त्याच्या शेजारी होतो. डॉक्टरांना मोज्याबद्दल सांगायला मला पंधरा मिनिटं लागली होती. याला सांगितलं तर म्हणाला, “डावा का उजवा?” हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. डावा होता.

खोलीबाहेर एकमेकांना ओळख दाखवायची नाही असं ठरलेलं होतं. पण रोज लिफ्टमध्ये भेट व्हायची. मग लिफ्टमननेच तोड काढली. मी शिरलो की तो समोर बघत विचारायचा, “कितवा?” मी दिवस कसा आहे तो आकडा सांगायचो. बरा असला तर आठ, वाईट असला तर दोन. तो मान हलवून मला सहाव्यावर सोडायचा. एकदा जाहिरात विभागाचे साहेब बरोबर होते. मी म्हटलं, “तीन.” तिसरा मजला गेला, चौथा गेला. साहेब कळवळून म्हणाले, “अहो, तुमचा तिसरा मागे राहिला!”

“ते येतील हळूहळू वर,” लिफ्टमन म्हणाला.

याहून मार्मिक वाक्य मी वीस वर्षांच्या सदरात लिहिलं नाही, आणि आपण काही बोललो याचा त्याला पत्ताही नव्हता.

आता लिफाफ्याचं सांगतो. पुन्हा घसरायला लागलेल्या माणसाला आपण घसरतोय हे सगळ्यांत शेवटी कळतं, हे मंडळीत सगळ्यांनी अनुभवलं होतं. म्हणून बरं असताना प्रत्येकाने एका कागदावर लिहायचं: माझं बिनसतंय हे कशावरून ओळखावं, तीन खुणा, आणि तसं झालं तर माझ्यासाठी काय करावं. खाली सही. लिफाफा बंद करून मंडळीतल्या एकाकडे ठेवायला द्यायचा. शंका आली की त्याने उघडायचा. बाईंनी आपला कागद नमुना म्हणून वाचून दाखवला होता: ‘मी पातेली घासलेली असूनही पुन्हा घासू लागले तर’. साधं, सरळ, कामाचं.

मी लेखक. मला सरळ लिहिता येतं का? मी लिहिलं:

‘एक: मी सदराचा लेख वेळेवर दिला, तर समजावं की माझं डोकं फिरलं. दोन: मेहुण्याच्या विनोदाला हसलो, तर रोग बळावला. तीन: बायकोचं म्हणणं पहिल्या फटक्यात पटलं, तर आशा सोडावी. उपाय: माझ्यासमोर बसून माझेच लेख मोठ्याने वाचावेत. कोणीही शुद्धीवर येईल.’

खाली झोकदार सही केली, लिफाफा चिकटवला आणि लिफ्टमनच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि गणवेशाच्या आतल्या खिशात ठेवून खिशाची गुंडी लावली. मला मनातल्या मनात खूप हसू आलं. दीड वर्ष येत राहिलं.

मग यायचं थांबलं.

या वेळी मोजा नव्हता. या वेळी सगळं सुरळीत होतं, आणि तीच भानगड होती. मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. मी गोळ्या खणात टाकून दिल्या आणि मंगळवारी ‘काम आहे’ म्हणू लागलो. मग सगळं आवरायला घेतलं. टेबलाचे खण साफ केले. माझं आवडतं पेन संपादकांना देऊन टाकलं. पुढच्या आठ शनिवारांचे आठ लेख लिहून काढले आणि एका बुधवारी, सकाळी दहा वाजता, कचेरीत नेऊन दिले. आठव्यानंतर काय, याचा विचार माझा झालेला होता. तो मी कुणाला सांगितला नव्हता.

आणि जग काय म्हणत होतं? जग खूश होतं! संपादक चहा पाजून म्हणाले, “सुधारलात हो!” बायको शेजारणीला सांगत होती, “हल्ली शब्दाने शब्द वाढवत नाहीत, किती शहाण्यासारखे वागतात.” मेहुणा विम्याचा एजंट, त्याला वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडून दाद मिळत होती, त्यामुळे तो दिवसाआड येऊ लागला.

लिफ्टमध्ये मात्र मूठ धरलेला माणूस रोज विचारत होता, “कितवा?” आणि मी रोज म्हणत होतो, “सहा.”

लेख दिल्यापासून नवव्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी साडेपाचला दारावरची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर निळा गणवेश, हातात उघडलेला लिफाफा, कानामागे पेन्सिल. मेहुणा आत माझ्यासमोर बसून पोपटाचा विनोद सांगत होता, ज्यात शेवटी पोपटही विमा उतरवतो.

“वहिनी, मी लिफ्टमन. साहेबांच्या इमारतीतला. दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या.”

“या ना, बसा.”

“उभाच बरा. साहेबांनी बुधवारी लेख दिले. आठ. वेळेच्या आधी.” त्याने कागद दाराच्या चौकटीला टेकवून एक खूण केली. “साहेब गेल्या पंधरवड्यात तुमच्याशी भांडले का?”

बायको लाजली. “नाही हो. मुळीच नाही.”

“एकदाही नाही?”

“पडदे बदलायचे म्हटलं, तर म्हणाले, तू म्हणशील तसं.”

“पहिल्या फटक्यात?”

“पहिल्या फटक्यात.”

दुसरी खूण. “आणि मेहुणे?”

“हा काय, बसलाय.”

लिफ्टमनने मेहुण्याकडे नीट बघितलं. “तुम्ही विनोद सांगता?”

“सांगतो की!” मेहुणा खुलला. “आत्ताच पोपटाचा सांगितला. ऐकायचाय?”

“साहेब हसले?”

“हसले म्हणजे? पोट धरून! विचारा भावजींना.”

तिसरी खूण झाली. लिफ्टमनने पेन्सिल परत कानामागे ठेवली आणि कागद बायकोच्या हातात दिला. बायकोने वाचला. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग ते अर्ध्यावर थांबलं. ती माझ्याकडे बघत हळूहळू खुर्चीवर बसली, आणि तिच्या डोळ्यांत गेले पंधरा दिवस एकेक करून उलटे उतरताना मला दिसले: पडदे, उसळलेलं हसू, रिकामे खण.

“अहो,” मी म्हटलं, “तो विनोद होता!”

“सही तुमची आहे ना?” लिफ्टमन म्हणाला.

“आहे, पण—”

“मला विनोद कळत नाही, साहेब. सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, म्हणूनच माझ्याकडे दिलात.”

“पण मी ठीक आहे.”

“कितवा?”

मी सहा म्हणायला तोंड उघडलं. नऊ दिवसांची सवय होती. पण समोर जाळीचं दार नव्हतं, जाहिरातवाले साहेब नव्हते, आणि हा माणूस आकड्यासाठी थांबला होता. माझ्या तोंडून निघालं, “तळघर.”

त्याने विचार केला. चांगला एक मजलाभर.

“आपल्या लिफ्टला तळघर नाही, साहेब,” तो म्हणाला. “तिथे जिन्याने जावं लागतं. चला, मी आहे बरोबर.”

आणि मग मात्र तो बसला.

मेहुण्याने माझा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं एकही विनोद केला नाही. बायकोने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सकाळी नऊची वेळ दिली आणि तोवर माणसाला एकटं सोडू नका, असं बजावलं. एकटं कुठलं! उपाय अजून बाकी होता. लिफ्टमनने आतल्या दुसऱ्या खिशातून आठही लेख काढले. संपादकांकडून त्याने ते ‘वरच्या मजल्यावर दाखवायचेत’ म्हणून मागून आणले होते. कागदावर लिहिलं होतं, मोठ्याने वाचावेत. म्हणून त्याने मोठ्याने वाचले. सूचनाफलक वाचावा तशा आवाजात. माझ्या एकेका कोटीवर तो स्वल्पविराम घेई आणि पुढे जाई. दुसऱ्या लेखाच्या मध्यावर मला राहवेना.

“इथे हसायचं असतं हो!”

“इथे?” त्याने ओळ परत वाचली. “तुम्हाला आलं होतं का, लिहिताना?”

नव्हतं आलं. आठांतल्या एकाही लेखावर नव्हतं आलं. ते संपादकांना कळलं नव्हतं, मलाही कळलं नव्हतं.

आठवा लेख संपल्यावर त्याने कागद उलटून मागे काही आहे का ते बघितलं.

“साहेब, इथे शेवटी तुम्ही वाचकांना ‘बरं, निघतो’ म्हटलंय. कुठे निघालात?”

संपादकांनी ती ओळ वाचून ‘वा’ म्हटलं होतं. हजारो लोकांनी ती वाचून पान उलटलं असतं. मी उत्तर द्यायच्या ऐवजी रडायला लागलो. बायकोही रडली. लिफ्टमनने रुमाल काढून दिला आणि म्हणाला, “मी चार तास निघालो होतो. मग खालून कुणीतरी जिना चढून आलं आणि जाळीतून माझं नाव विचारलं. नावच विचारलं फक्त. मग उघडलं मी.”

सकाळी डॉक्टरांकडे माझ्याबरोबर तोच आला. लिफ्टवर त्या दिवशी पाटी होती, ‘बंद आहे’. अकरा मजल्यांची माणसं पायी चढली आणि त्यांना का ते कळलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आणि पुढचे सहा आठवडे मंडळीने मला वाटून घेतलं. रोज कुणीतरी येई, माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसे. उपदेश कुणीच केला नाही. घरात कप आमचेच होते, तरी सवय. भूगोलाच्या बाई शुक्रवारी यायच्या.

“आंघोळ?” त्यांनी विचारलं.

“चार दिवस नाही.”

“काहीच नाही. माझे अकरा झाले होते. मुलींनी वर्गाच्या खिडक्या उघडल्या, मला वाटलं ऋतू बदलला.”

मला हसू आलं. बारीकसं, पण माझं स्वतःचं. पुढच्या शुक्रवारी बायकोने पडद्यांचा रंग विचारला आणि मी म्हटलं, “असला मळखाऊ रंग घरात आणलास तर मी खिडकीकडे पाठ करून बसेन!” बायको आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि माझ्याशी कडाकडा भांडली. इतकं गोड भांडण आमच्यात त्याआधी झालं नव्हतं.

आज ती इमारत काचेची झाली आहे. लिफ्टमध्ये स्टूल नाही, मूठ नाही; एक अदृश्य बाई मजल्याचा आकडा सांगते, आणि तो अगदी बरोबर असतो. कधीतरी मी मुद्दाम तिथे जातो, लिफ्टमध्ये उभा राहतो, आणि ‘तीन’ म्हणून सहाव्यावर उतरतो. बरोबरची माणसं जरा दूर सरकतात. तेल घातलेल्या साखळ्यांचा वास, जाळीतून खाली सरकत जाणाऱ्या एकेका मजल्याची पट्टी, तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधली ती भिंत, जिला माझ्या शेवटच्या परिच्छेदांची शाई लागली होती, हे सगळं कुठे नेऊन टाकलं असेल कोण जाणे. मूठ मात्र मला ठाऊक आहे. ती लिफ्टमनच्या घरी आहे. दर रविवारी तो ती पुसतो. भूगोलाच्या बाई गेल्या. त्यांचा लिफाफा माझ्याकडे होता. तो उघडायची वेळ आली नाही, याचा मला माझ्या सगळ्या पुस्तकांहून जास्त अभिमान आहे.

तर मागच्या मंगळवारी, खुर्ची पडली तरी मी भाषण आवरलं नाही. समोर एक नवी बाई होती, औषधांच्या दुकानात काम करणारी, पहिल्यांदाच आलेली, पदराशी चाळा करत बसलेली. तिच्याकडे बघून मला भरून आलं, आणि भरून आलेला वक्ता जे करतो ते मी केलं.

“तुम्ही एकच करा,” मी हात उंचावून म्हणालो, “आपला लिफाफा अशा माणसाकडे द्या, जो तुमचं म्हणणं खरं मानेल! तुम्ही थट्टा केलीत तरी खरं मानेल! बस, एवढं करा!”

नव्या बाईने डोळे पुसले. कोपऱ्यातल्या चांगल्या खुर्चीवर, आता केस पांढरे झालेला, पण अजून कानामागे पेन्सिल खोचलेला लिफ्टमन बसला होता. त्याने भाषण पूर्ण ऐकून घेतलं आणि हात वर केला.

“कितवा, साहेब?”

मी प्रामाणिकपणे विचार केला. “सात. साडेसात म्हणा.”

“बरं,” तो म्हणाला, “मग तेवढे कप धुवून टाका.”